चुंबकाचा पट्टा आणि साखरेची गोळी

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावहून एका वाचकाने विचारले आहे, ‘मनगटाला चुंबकाचा पट्टा बांधला की अंगातील एन्झाइम जागे होतात व साखर उतरते, असे विक्रेता सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या बंद कराव्यात काय?’ उत्तर आधीच देतो : मुळीच नाही.

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातील विकर. भाकरीचा घास चावता चावता गोड लागतो, तो लाळेतील विकरामुळे. विकर आणि चुंबक यांची गाठ प्रयोगशाळेत खरोखरच पडते, आणि विक्रेत्याने शब्द तेथूनच उचलला आहे. थायरॉइडची तपासणी घ्या. कित्येक यंत्रांत रक्तातील संप्रेरक बारीक चुंबकीय कणांवर पकडतात, चुंबकाने ते कण नळीच्या कडेला धरून बाकीचे धुऊन टाकतात. मग कणांवर राहिलेले विकर द्रवात प्रकाश निर्माण करते व तो मोजला जातो. येथे चुंबक फक्त धरून ठेवतो. विकराला जागे करीत नाही.

दुसरा प्रकार उष्णतेचा. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे लोहऑक्साइडचे कण सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की तापतात. त्यांना चिकटवलेल्या विकराचा वेग या उष्णतेने वाढवता येतो. फार तापले तर विकर निकामी होते. अशाच उष्णतेने कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने संशोधन केले. पट्ट्यात ना असे कण, ना असे क्षेत्र!

‘रक्तात लोह असतेच की,’ असे विक्रेता म्हणेल. ते लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही. प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक ओढत नाही, उलट किंचित दूर सारतो, हे पॉलिंग व कॉरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले. एमआरआयचे नेहमीचे यंत्र दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यातून साखर उतरवून कोणी बाहेर पडल्याचे ऐकिवात नाही.

पट्ट्याचे पैसे गेले तर गेले. पण गोळी किंवा इन्सुलिन थांबले तर डोळे, मूत्रपिंड, पाय यांवर बेतते. मधुमेह बरा करण्याच्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हेही विक्रेत्याला ऐकवावे. पट्टा घेतलाच असेल तर गोळी चालू ठेवून जवळच्या आरोग्य केंद्रात उपाशीपोटी साखर तपासून घ्या. घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल तर मात्र हे चुंबक त्याच्या छातीजवळ नेऊ नका.