हमीपत्रापूर्वीची परीक्षा

अमेरिकेतील बहुसंख्य घरांची उतरती छपरे ज्या डांबरी शिंगल्सनी आच्छादलेली असतात, त्यांची पारख गिऱ्हाईक रंगावरून आणि हमीपत्रात नमूद केलेल्या वर्षांवरून करीत असले, तरी त्या छपराचे आयुष्य वस्तुतः कारखान्यातच निश्चित होत असते, असे माझे स्पष्ट मत आहे. तप्त डांबरातून हवा फुंकण्याची क्रिया अपुरी राहिली तर लेप उन्हाळ्यात ओघळतो, आणि तीच मर्यादेपलीकडे गेली तर थंडीत ठिसूळ होऊन तडकतो. पुढे त्यात चुनखडीची भुकटी मिसळतात. ती डांबराहून स्वस्त असल्यामुळे तिचे प्रमाण वाढविण्याचा मोह सदैव जागा असतो, आणि ती दमट राहिल्यास लेप फेसाळतो. काचतंतूंच्या पटावर हा लेप चढवून, डांबराचे सूर्यकिरणांपासून रक्षण करणारे खनिज कण त्यावर पसरतात, त्या क्षणी लेप फार निवलेला असेल तर कण रुतत नाहीत आणि काही वर्षांतच पन्हळीत जमा होतात.

या शिंगल्ससाठीचे एएसटीएम डी ३४६२ हे मानक फाटण्याच्या प्रतिकाराची किमान मर्यादा १,७०० ग्रॅम ठरविते. परंतु प्रत्येक खेपेच्या तपासणीचे दप्तर कारखान्यातच बंद राहते. अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांसह प्रत्येक गिऱ्हाइकाला ते मागण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला पाहिजे, कारण हमीपत्रातील भरपाई बहुधा वर्षागणिक घटत जाते आणि गळक्या छपराचा खर्च मात्र घरमालकाच्याच माथी येतो.