मैदानाचा दर्जा गवतावर नाही, दारावर ठरतो

'गोल्फशी आपला काय संबंध?' अभ्यासवर्गात एका पोराने विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर ऐका.

1990 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहराजवळच्या शोल क्रीक क्लबच्या मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप झाली. गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी ही एक. मैदान जॅक निकलॉससारख्या दिग्गजाने आखलेले. तरी त्याच्या दर्जावर वाद रंगलाच. कडेचे गवत इतके दाट ठेवले आहे की चेंडू त्यात गेला की कौशल्य संपले, अशी तक्रार. मोठ्या स्पर्धेला अशीच कसोटी हवी, असा प्रतिवाद. शेवटी वेन ग्रेडी जिंकला आणि पारपेक्षा कमी फटक्यांत खेळ संपवणारे त्याच्यासह तीनच खेळाडू निघाले.

पण स्पर्धेच्या दोन महिने आधी क्लबचे संस्थापक हॉल थॉम्पसन यांनी स्थानिक वर्तमानपत्राला उघड सांगितले होते की, काळ्यांना आम्ही सभासद करून घेत नाही आणि कुणाच्या दबावाने करणारही नाही. हे ते बर्मिंगहॅम, जिथे 1963 मध्ये चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार काळ्या मुली मारल्या गेल्या.

आता खरा मुद्दा. 1984 मध्ये हीच स्पर्धा याच मैदानावर झाली होती. दार तेव्हाही बंदच होते. मग तेव्हा दर्जा ठरवणाऱ्यांना ते दिसले का नाही? कारण त्यांच्या मोजपट्टीवर गवत होते, वाळूचे खड्डे होते, उतार होते, माणूस नव्हता.

ही मोजपट्टी आपल्या ओळखीची आहे. तिलाच इथे 'मेरिट' म्हणतात. गुणवत्ता म्हणजे काय हे आत बसलेल्यांनी ठरवायचे आणि बाहेर कोणाला ठेवले हा प्रश्न 'विषयाबाहेरचा' म्हणायचा.

बाहेर ठेवलेल्यांचे श्रम मात्र चालतात. ऑगस्टा नॅशनलचे मैदान पाहून गोल्फप्रेमी हरखून जातात. तिथल्या मास्टर्स स्पर्धेत 1982 पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते काळे असत. पहिला काळा खेळाडू, ली एल्डर, तिथे उतरला 1975 मध्ये. पहिला काळा सभासद 1990 मध्ये, तोही शोल क्रीकचा बोभाटा झाल्यावर. पिशवी उचलायला चालतो, शेजारच्या खुर्चीवर चालत नाही! आपल्या पुण्यात बाळू पालवणकर गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायचे. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

कोणी म्हणेल, क्लब खाजगी आहे, कोणाला घ्यायचे हा त्यांचा हक्क. मित्रांनो, हा युक्तिवाद महाडात ऐकलेला आहे. चवदार तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, असे सांगत तिथले सवर्ण कोर्टात गेले होते. 1937 मध्ये हायकोर्टात ते हरले. तळ्याचे पाणी चवदार आहे की नाही, हा वाद 20 मार्च 1927 ला नव्हताच. ते पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते. प्रश्न होता माणूस म्हणून ओंजळ भरण्याचा. आणि जगातली सर्वोच्च स्पर्धा आपल्या हिरवळीवर बोलावून तिची प्रतिष्ठा मिरवायची, पण दाराचा प्रश्न आला की 'आमचे घर' म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

मग शोल क्रीक बदलले कसे? नागरी हक्क संघटनांनी निदर्शनांची हाक दिली. आयबीएम, टोयोटा यांसारख्या कंपन्यांनी प्रक्षेपणातल्या जाहिराती काढून घेतल्या. तेव्हा कुठे लुई विली या काळ्या उद्योजकाला मानद सभासद करून घेतले गेले. गोल्फ संघटनांनीही नियम केला की, भेदभाव करणाऱ्या क्लबांना स्पर्धा मिळणार नाहीत. हे हृदयपरिवर्तन नव्हते, खिशाला लागलेली कळ होती. सायप्रस पॉइंटसारख्या नामांकित क्लबने तर नियम पाळण्यापेक्षा पीजीए टूरची स्पर्धा सोडणे पसंत केले.

एका मानद सभासदाने समता येत नाही, हेही विसरू नका. एक चेहरा दारात उभा करून अख्खी वस्ती बाहेर ठेवण्याची कला आपल्याकडेही मुरलेली आहे.

म्हणून कुठल्याही मैदानाच्या, कॉलेजच्या, संस्थेच्या दर्जाची चर्चा सुरू झाली की आपण तीन प्रश्न विचारायचे. इथे राबतो कोण? आत बसतो कोण? आणि दर्जा ठरवतो कोण? तिन्ही उत्तरांत एकच माणूस येत नाही, तोवर ती हिरवळ कितीही मखमली असो, आमच्या लेखी ते मैदान नापास!

जय भीम!