गुणांचे गणित आणि न्यायाची मोजपट्टी

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. त्यासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आपली गुणसरासरी ठाऊक असते. निदान तशी त्याची समजूत असते. परंतु लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल ही संस्था त्याच्या गुणपत्रिका मागवून तीच सरासरी स्वतःच्या नियमांनी नव्याने काढते. महाविद्यालयाचा आकडा आणि हा आकडा जुळेलच असे नाही.

रीत वरकरणी सोपी आहे. ए श्रेणीला 4, बीला 3, याप्रमाणे अंक धरावयाचे, त्यांस विषयाच्या श्रेयांकांनी गुणावयाचे आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागावयाचे. मेख आहे ती काय धरावयाचे आणि काय वगळावयाचे यात. पहिली पदवी मिळेपर्यंतचे सारे महाविद्यालयीन विषय धरले जातात, अगदी शाळेत असताना घेतलेलेसुद्धा. पदवीनंतरचे उत्तम यश मात्र या सरासरीत येत नाही.

एका विद्यार्थ्याचे उदाहरण घ्यावे. सारख्या श्रेयांकांच्या दहा विषयांपैकी एकात तो अनुत्तीर्ण झाला. पुन्हा अभ्यास करून त्याने त्यात ए श्रेणी मिळविली. उरलेल्या नवांतही त्याला ए आहे. अनेक महाविद्यालये जुनी श्रेणी पुसून त्याची सरासरी 4.00 मानतात. कौन्सिल मात्र गुणपत्रिकेवर दिसणारे ते शून्यही मोजते. चाळीस अंकांना अकराने भागले की उरतात 3.64. उलट ए प्लसला कौन्सिल 4.33 देते. ज्या महाविद्यालयात ती श्रेणीच नाही, तेथील सर्वोत्तम विद्यार्थ्यालाही 4.00 च्या पुढे जाता येत नाही.

देशभरातील महाविद्यालयांच्या तऱ्हा निरनिराळ्या असताना एक समान माप हवे, हे मान्यच करावयास हवे. ज्याच्या महाविद्यालयाने जुने अपयश पुसले त्याला लाभ आणि ज्याच्या महाविद्यालयाने ते राखले त्याला तोटा, हाही न्याय नव्हे. तथापि समान माप म्हणजे समान न्याय, हे समीकरण घाईचे ठरेल. पहिल्या वर्षी नोकरी सांभाळून शिकताना अडखळलेला आणि पुढे सावरलेला विद्यार्थी त्या एका आकड्यात दिसत नाही.

विद्यार्थ्याला अर्जासोबत आपली बाजू लेखी मांडता येते, आणि विद्यालये ती वाचतातही. परंतु अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रवेशितांच्या सरासरीचा मध्यांक प्रसिद्ध करावा लागतो, आणि क्रमवारीतही त्याला वजन आहे. तेव्हा कहाणी वाचूनही आकड्याकडे झुकण्याचा मोह विद्यालयांना होणारच. हे माप दूर सारावे असे नाही; त्याला शेवटचा शब्द मानू नये, इतकेच.

महाराष्ट्रातून पदवी घेऊन तेथील जे. डी. अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांना यात एक बोध आहे. परदेशी पदवीला कौन्सिल अशी सरासरी देत नाही; तिचे मूल्यमापन सरासरी, सरासरीहून वर अशा वर्णनात्मक शब्दांत होते. म्हणजे आकड्यावाचूनही गुणवत्तेचा अंदाज घेता येतो, हे ती व्यवस्था स्वतःच कबूल करते.

नियम जाहीर आहेत. मग ते शेवटच्या वर्षी अर्ज भरताना का कळावेत? महाविद्यालयांनी ते पहिल्याच वर्षी समजावून सांगावेत. ज्या नियमाने माणसाचे भवितव्य मोजले जाते, तो त्याला वेळेवर ठाऊक असणे ही न्यायाची पहिली अट आहे; आणि कायदा शिकविणाऱ्यांना तरी ती सांगावी लागू नये.