नाव कळलं म्हणजे ओळख झाली का?

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर रानफुलांच्या फोटोंचा पूर येतो. कुणीतरी विचारतं, "हे काय आहे?" अर्ध्या मिनिटात कुणीतरी ॲपला विचारून नाव टाकतं. विषय संपतो. मला हे पुरेसं वाटत नाही. वनस्पतीची ओळख ती उगवते तिथे जाऊन, आणि वेगवेगळ्या ऋतूंत जाऊनच होते.

शेवळाचं उदाहरण घ्या. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. आपण भाजी करतो ती फुलोऱ्याची. पान नंतर येतं, आणि ते इतकं निराळं की फक्त फुलोऱ्याचा फोटो पाहिलेला माणूस त्याला दुसरीच वनस्पती समजेल. विकणारी मावशी दोन्ही ओळखते. घशाला खाज सुटू नये म्हणून भाजीत काकडं घालायची, हेही तीच सांगते.

इथे प्रश्न जिवाचाही आहे. कळलावी लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तेव्हा शाळकरी पोरही तिला ओळखतं. फूल नसताना मात्र पानाच्या टोकाचा वळलेला तणावा पाहावा लागतो. उन्हाळ्यात तर वर काहीच दिसत नाही. जमिनीखाली फक्त कंद असतो, आणि त्यात कोल्चिसीन हे जीवघेणं विष. रानातले कंद खणणाऱ्याला फुलाच्या फोटोचा काय उपयोग?

आपल्या विद्वानांना हे आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं. 13व्या शतकातले हकीम रशीदुद्दीन अस-सूरी लेबनॉनच्या डोंगरात जाताना चित्रकाराला रंगांसह सोबत नेत. एकच वनस्पती कोवळी असताना, भरात असताना आणि वाळल्यावर, अशी तीनदा चितारून घेत. मूळचे स्पेनमधल्या मालागाचे इब्न अल-बैतार उत्तर आफ्रिकेतून वनस्पती पाहत पाहत पुढे दमास्कसला पोहोचले. तिथे त्यांचे शिष्य इब्न अबी उसैबिआ त्यांच्यासोबत शहराबाहेर हिंडले आणि ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने केलेली वर्णनं समोरच्या रोपांशी ताडून पाहिली. मुस्लिमांच्या वैज्ञानिक वारशावर भाषणं करताना आपण इब्न अल-बैतारचं नाव अभिमानाने घेतो. पण आपल्या शाळा आणि मदरशांतली किती मुलं वर्षातून एकदा तरी जवळच्या टेकडीवर जातात? नावाचा अभिमान आहे, पद्धत मात्र सोडून दिली.

याची किंमत जमीन मोजते. कोकणातला सडा उन्हाळ्यात नुसता काळा कातळ दिसतो. पावसात त्याच कातळावरच्या पातळ ओल्या मातीत सीतेची आसवं आणि दवबिंदू उगवतात. त्या मातीत पोषण कमी, म्हणून या वनस्पती किडे पकडून जगतात. हे नातं सड्यावर ओणवं बसल्यावर दिसतं, कुंडीत दिसत नाही. साताऱ्याच्या कास पठाराला 2012 साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाचा मान मिळाला. तसाच कातळ इतरत्र मात्र 'पडीक' म्हणून ओळखला जातो. पडीक म्हटलं की चिरेखाण काढायला किंवा खड्डे मारून परकी झाडं लावायला सगळे मोकळे. जिथे काय उगवतं हे गावातल्या कुणाला सांगता येत नाही, तिथे ती जागा वाचवायला तरी कोण उभं राहणार?

ॲप टाकून द्या असं मी म्हणत नाही. ते पहिला अंदाज देतं. खात्री आपण करायची. घराजवळचा एक माळ, एक ओढा किंवा कब्रस्तानाची एक कड निवडा. मृग, श्रावण, दिवाळी आणि वैशाख अशा चार वेळी तिथे जा. मुलांना न्या. फूल तोडू नका. ते कसल्या जमिनीत, उन्हात की सावलीत, कशाच्या शेजारी उगवलं ते वहीत लिहा. स्थानिक नाव गुराख्याला किंवा भाजीवाल्या मावशीला विचारा आणि खाण्याच्या बाबतीत त्यांच्या खात्रीशिवाय काहीही तोंडात घालू नका. वर्षभरात दहाच वनस्पती ओळखीच्या झाल्या तरी चालेल. त्या दहा जिथे उगवतात त्या जागेला तुम्ही पुन्हा पडीक म्हणणार नाही.