तल्लीनता विकत घ्यावी की घडवावी?

सुट्टीच्या दिवसांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली की घरातील वडीलधारी मंडळी प्रतिक्रमणास बसतात आणि मुले संगणकावरील खेळात रमतात. काही दिवसांतच मागणी पुढे येते. खेळ खरा वाटावा म्हणून स्टिअरिंग हवे, पडद्यामागे रंग बदलणारे दिवे हवेत. पालकांना नकार आणि खरेदी हे दोनच मार्ग दिसतात. मुलाच्या हाती सोल्डरिंग आयर्न देणे हा तिसरा मार्ग सहसा सुचत नाही.

मोटार चालविण्याच्या खेळाचे साधे स्टिअरिंग आतून पाहिल्यास गूढ नसते. चक्राच्या दांड्याला पोटेन्शिओमीटर जोडायचा असतो. जुन्या रेडिओचा आवाज कमी-अधिक करणारे बटण ज्यावर बसते, तोच हा भाग. त्याच्या बाहेरच्या दोन टोकांना ५ व्होल्ट आणि ग्राउंड जोडले की चक्र फिरेल तसे मधल्या टोकावरील व्होल्टेज बदलते. इटलीतील इव्रेया येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या आर्डुइनो मालिकेतील लिओनार्डो हा बोर्ड तो बदल ० ते १०२३ या आकड्यांत मोजतो. जॉयस्टिकची तयार लायब्ररी वापरून छोटा प्रोग्रॅम त्यात भरला की यूएसबी केबलने जोडलेल्या या बोर्डाला संगणक जॉयस्टिक म्हणूनच ओळखतो. आर्डुइनोच्या उनो या बोर्डाला हे थेट जमत नाही. म्हणून खरेदीपूर्वी नाव नीट पाहावे. गेमिंग कन्सोलही असे घरगुती यंत्र सहसा स्वीकारत नाही.

साधा पोटेन्शिओमीटर सुमारे २७० अंशच फिरतो. त्याच्या अलीकडेच चक्राला दोन्ही बाजूंनी लाकडी अटकाव द्यावा, अन्यथा खेळाच्या भरात तो तुटतो. आकडे थरथरू लागले तर सलग दहा आकड्यांची सरासरी घ्यावी. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला सरासरी वेगळी शिकवावी लागत नाही. आणखी एक पोटेन्शिओमीटर, एक स्प्रिंग आणि प्लायवूडचा तुकडा यांतून ब्रेकचे पेडलही तयार होते.

पडद्यामागील दिव्यांसाठी डब्ल्यूएस२८१२बी ही एलईडी पट्टी मिळते. तिच्यातील प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येतो, आणि हायपेरियनसारखे मोफत सॉफ्टवेअर पडद्याच्या कडांवरील रंग वाचून ते दिव्यांकडे पाठवते. येथे हिशेब चुकवून चालत नाही. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा मात्र ५०० मिलिअँपिअर असते. म्हणून ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा, बीआयएस नोंदणी असलेला स्वतंत्र अडॅप्टर घ्यावा. २३० व्होल्टच्या बाजूला मुलाने हात लावू नये. सोल्डरिंग मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, खिडकी उघडी ठेवून करावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. जयणा म्हणजे प्रत्येक कृतीतील सावधपणा. ती येथेही पाळायची असते.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. साधन जितके उत्तम, तितका खेळ मनात खोल उतरतो. दिव्यांच्या पट्टीला मावळतीचा लाल आणि रक्ताचा लाल यांतील भेद कळत नाही. तो घरानेच करायचा असतो. श्रावकाच्या बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण हे व्रत निष्कारण हिंसेपासून आणि तिच्या चिंतनापासूनही दूर राहण्यास सांगते. पडद्यावर कोणताही जीव मरत नाही हे खरे. परंतु मारण्यात रस घेण्याची सवय मनालाच लागते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच मुलाशी मोकळेपणाने बोलून खेळ निवडावा. मोटार, विमान किंवा आगगाडी चालविण्याच्या खेळांत तल्लीन होण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रत्येक सुट्या भागाची किंमत मुलाने वहीत लिहावी आणि तयार स्टिअरिंगच्या किमतीशी तिची तुलना करावी. खेळाचा कंटाळा आला तर साधन माळ्यावर टाकू नये. तोच बोर्ड योग्य सेन्सर जोडून पाण्याच्या टाकीची पातळी मोजू शकतो. हे आपणहून सुचलेल्या मुलाला अपरिग्रहावरील व्याख्यान वेगळे ऐकवावे लागणार नाही.