फसलेल्या प्रयोगाचे गुण

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा. कुठल्या कॉलेजात 'पॅकेज' किती मिळते, हे हल्ली आजीसुद्धा विचारते. पण शेवटच्या वर्षी नात जो संशोधन प्रकल्प करणार, त्यावर देखरेख कोण ठेवणार, हे कोणी विचारत नाही. केमिकल इंजिनिअरिंगच्या बाबतीत तरी हा प्रश्न आधी विचारायला हवा, असे मला वाटते.

कारण साधे आहे. चंचुपात्रात गुण्यागोविंदाने चालणारी रासायनिक क्रिया कारखान्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तशीच वागेल, याची खात्री नसते. पात्राची लांबी, रुंदी, उंची दहापट केली की आतला माल हजारपट होतो. पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. उष्णता साचते, तापमान चढते, त्याबरोबर क्रियेचा वेग वाढतो आणि वेगाबरोबर पुन्हा उष्णता. पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपते. थर्मामीटरचा पारा डोळ्यांदेखत भलताच वर सरकताना पाहिलेली मुलगी मात्र ते जन्मभर विसरत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट झाले. त्यांची कारणे काहीही असोत. कारखान्याच्या भिंतीपलीकडे माणसे राहतात आणि नोंदवहीतल्या आकड्यांशी त्यांच्या जिवाची गाठ असते, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

बँकेत असताना लघुउद्योगांच्या कर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. दोन निरनिराळ्या अर्जदारांच्या प्रकल्प अहवालांत, एकाच पानावर, शुद्धलेखनाची एकच चूक मी पाहिली आहे. कर्ज मंजूर करणे सोपे. नंतर जागेवर जाऊन यंत्र खरेच बसले का, हे पाहणे कष्टाचे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचेही तसेच आहे. तयार प्रकल्प स्पायरल बाइंडिंगसह विकत मिळतो. त्यातला आलेख फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ! एकट्या मुलांना दोष देऊन भागणार नाही. एका मार्गदर्शकाच्या गळ्यात गटांमागून गट बांधले आणि गुण फक्त 'उत्तर आले का' यावर ठेवले, तर मुले उत्तर आणणारच. कुठून आणले, हे विचारायला वेळ कोणाला?

अशी देखरेख अशक्य आहे असेही नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या यूडीसीटीत, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, डॉ. रघुनाथ माशेलकर १९६६ साली पदवीधर झाले आणि प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये पीएच.डी. झाले. त्याच १९६९ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामावून घेणारा उपक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे. दोन्हीकडे भांडवल एकच: जाणत्या माणसाचा वेळ. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पातळीवर संशोधनाला कागदावर जागा दिली आहे. आता ती जागा भरणारी माणसे हवीत.

म्हणून पालकहो, प्रवेशाच्या वेळी 'पॅकेज'बरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. एका मार्गदर्शकाकडे किती गट असतात? आणि प्रयोग फसला, पण तो का फसला हे मुलीने प्रामाणिकपणे लिहिले, तर तिला गुण मिळतात का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारे कॉलेज सापडले, तर पॅकेज थोडे कमी असले तरी चालेल.