दुव्यावरची अडत

गेल्या महिन्यात अंबडच्या एका भांडी व्यापाऱ्याच्या घरी जाणे झाले. घरच्या धाकट्या सुनेने मोबाईल पुढे केला व विचारले, "काका, हे पैसे रोजमेळात कोणत्या खाती लिहू?" ती यूट्यूबवर कुकर, कढया यांची पारख सांगते व खाली ॲमेझॉनचा दुवा देते. त्यावरून खरेदी झाली की तिला टक्केवारी मिळते. यालाच अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. ॲमेझॉनने आपली अशी योजना 1996 मध्ये सुरू केली. आपल्या लेखी मात्र ही अडतच. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसऱ्याचे, मधला विश्वास तेवढा आपला.

"मग कमिशन खाती लिही," मी म्हणालो. सासरे मात्र नाराज होते. "नात्यातल्या माणसांकडून दलाली घ्यायची, तीही त्यांना नकळत?"

त्यांचा आक्षेप मला रास्त वाटला. मोंढ्यात अडत घेण्यात कुणाला संकोच नसतो, कारण ती हिशेबपट्टीत स्वतंत्र लिहिलेली असते. दुव्यामागची अडत पाहणाऱ्याला दिसत नाही. म्हणून ती शब्दांत सांगावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. श्रावकाला मात्र याकरिता सरकारी कागदाची गरज पडू नये. अचौर्य अणुव्रत आपल्याकडे त्याआधीपासून आहे. मालाची निवड करतानाही पंधरा कर्मादानांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. टक्केवारी चांगली म्हणून चामड्याच्या पर्सची शिफारस आपल्या हातून होऊ नये.

या सुनेचे एक मला आवडले. जी वस्तू तिने दुकानात वर्षानुवर्षे हाताळली, तिच्याविषयीच ती बोलते. कुकरचा तळ किती जाड हवा, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. नवख्याने आरंभ असाच घरच्या धंद्यातून करावा. उत्पन्नाची घाई मात्र नको. ग्राहकाने दुवा उघडल्यापासून 24 तासांच्या आत माल निवडला तरच ॲमेझॉन कमिशन देते. 180 दिवसांत तीन विक्रीही न झाल्यास खाते बंद होते. स्वतःच्या दुव्यावरून स्वतःसाठी केलेली खरेदी तर मोजतच नाहीत. (हा प्रयोग तिच्या यजमानांनी करून पाहिला होता!) सभासद होण्यास शुल्क लागत नाही. आधी पैसे भरा, मग आणखी माणसे आणा, असे कुणी म्हणाले तर तो साखळीचा धंदा समजावा. 2021 च्या थेट विक्री नियमांनी तो निषिद्ध ठरविला आहे.

कमिशन वर्षात 20,000 रुपयांपुढे गेल्यास 2 टक्के करकपात होते. ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे. बँकेत कर्ज मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

त्याच दिवशी तिने प्रत्येक चित्रफितीच्या आरंभी एक वाक्य घातले: "या दुव्यावरून घेतल्यास मला कमिशन मिळते." पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. दोन मावश्यांनी तिच्या दुव्यावरून घेणे थांबविले होते. मात्र सासऱ्यांनी दुकानातील नव्या कढयांचा नमुना आपणहून तिच्यापुढे आणून ठेवला होता.